बायबलबागेतली ठमाबाई

ठमाबाई नाशकात उतरली तेव्हा तिच्या बोटाला पाच वर्षांची आशा होती, डोक्यावर गोधडीचं बोचकं होतं आणि तोंडात नवऱ्यासाठी शिव्या होत्या. साल ब्याण्णव. पाऊस नुकताच उघडला होता.

तिचं गाव सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या शिवेला टेकलेलं. डोंगरउतारावर भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवायची, दिवाळी झाली की दार ओढून घ्यायचं आणि खाली दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जायचं, ही तिथली रीत. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा झिपरू असाच मुकादम पुंजारामच्या टोळीबरोबर गेला. आशाला ताप होता म्हणून ठमाबाई त्या खेपेला मागं राहिली. होळीला टोळी परत आली. झिपरू आला नाही.

"तो सुरतेला गेला," पुंजाराम म्हणाला. बोलताना त्याची नजर स्वतःच्या वहाणांवर होती. "बागेवर एक बाई होती कामाला. तिच्यासंगं गेला. आता वाट कशाला बघते?"

सासूनं सगळा दोष सुनेच्या पदरात टाकला. घरात धड मन रमलं असतं तर पोरगा परमुलखात कशाला गेला असता, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. ठमाबाईनं दोन पावसाळे ते ऐकून घेतलं आणि एका सकाळी पोरीला घेऊन एस्टीत बसली. कपाळाचं कुंकू मात्र तिनं पुसलं नाही. माणूस दुसरीच्या घरात असला तरी जिवंत होता. रोज कुंकू लावताना ती त्याला एक शिवी हासडायची, मगच बोट कपाळाला टेकायचं.

त्र्यंबक रस्त्याच्या आतल्या बाजूला एक जुनं मिशन कंपाऊंड होतं. दगडी चर्च, शाळा, चिंचेची थोराड झाडं आणि मागं भिंतीनं वेढलेलं कबरस्थान. तिथं झाडलोटीला बाई हवी होती. ठमाबाईला ठेवून घेतलं ते सुवार्ता शिनगारे यांनी. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पासष्टी उलटलेल्या, लग्न न केलेल्या, काडीसारख्या ताठ. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि बारा महिने हातात काळी छत्री. सगळे त्यांना मिसबाई म्हणत. त्यांनी पाण्याच्या टाकीजवळची खोली ठमाबाईला दिली आणि वर्षभर तिच्याशी झाडूपलीकडचं काही बोलल्या नाहीत.

मग एक दिवस तिला घेऊन त्या कंपाऊंडच्या दक्षिण कोपऱ्यात गेल्या. कबरस्थानाच्या भिंतीला लागून, पण भिंतीच्या बाहेर, एक मोकळा तुकडा होता. बाकी सगळीकडे झाडांची दाटी असताना इथं साधं गवतही धड उगवलेलं नव्हतं. पोरांचा चेंडू इकडे आला तर पोरं दुसरा चेंडू आणायची, हे ठमाबाईनं पाहिलेलं होतं.

"इथं बाग करायची," मिसबाई म्हणाल्या. "पवित्र शास्त्रात ज्या झाडांची नावं आली आहेत, ती सगळी इथं लावायची."

"शास्त्रात झाडं असतेत?"

"शास्त्राची सुरुवातच बागेत होते, ठमा. देवानं माणूस घडवला आणि त्याला ठेवलं कुठं, तर बागेत. हिची मशागत कर, राखण कर म्हणाला."

"मंग?"

"मग काय. त्याला राखता आली नाही."

एवढं बोलून त्यांनी छत्रीच्या टोकानं जमिनीवर वाफ्यांच्या रेघा ओढल्या आणि एक अट घातली. वीतभरच खणायचं, त्याखाली जायचं नाही. झाड मोठं असेल तर बाहेरून माती आणून वाफा उंच करायचा. ठमाबाईला हे विचित्र वाटलं. पण पगार देणारी बाई सांगते तसं करावं, म्हणून ती गप्प राहिली.

काम महिनोन् महिने चाललं. हातानं काम चालू असताना मिसबाईंची जीभ सुटायची. असल्या बागेची कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. शिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी त्या एकदा वर्षभर विलायतेत राहिल्या होत्या. तिथल्या एका खेड्यात चर्चमागं त्यांनी अशी बाग पाहिली होती, प्रत्येक झाडापाशी पाटी, पाटीवर झाडाचं नाव आणि ते शास्त्रात कुठं येतं त्याचा आकडा. त्यांनी तिथल्या पाळकाला, चर्चच्या धर्मगुरूला, खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, फार पूर्वी मठातले साधू भिंतीआड झाडंझुडपं लावत, काही औषधाला, काही त्या पहिल्या, एदेन बागेची आठवण म्हणून. पुढं लोक पवित्र भूमीच्या, म्हणजे येशूच्या देशाच्या, यात्रेला जायला लागले आणि येताना कागदात दाबलेली पानं, फुलं, बिया आणायला लागले. मग विद्वानांची जुंपली. एदेनमधलं ते मना केलेलं फळ सफरचंदच कशावरून? कोणी म्हणे अंजीर, कोणी डाळिंब, कोणी जर्दाळू. योना संदेष्ट्याच्या डोक्यावर एका रात्रीत सावली धरणारं झाड म्हणजे भोपळ्याचा वेल की एरंड? प्रभू येशूनं ज्या रानफुलांकडे बोट दाखवलं ती फुलं कुठली? वाद मिटेनात, तेव्हा काहींनी झाडंच लावायला घेतली. अशा बागा मग चर्चच्या अंगणाअंगणांत निघाल्या.

"कांदे, लसूण, धने, मेंदी, मोहरी, कलिंगड," ठमाबाई वाफे बघत म्हणाली. "मिसबाई, हा तर आपला बुधवारचा बाजार हाय."

मिसबाई हसल्या. त्यांना हसताना ठमाबाईनं पहिल्यांदाच पाहिलं.

परदेशी म्हणावं असं एकच झाड होतं, जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं. त्याचं रोप मिसबाईंनी कुठून कुठून पत्रं लिहून मिळवलं होतं. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री ज्या बागेत गुडघे टेकले ती जैतुनाचीच, असं त्या सांगायच्या. "आणि त्याला पुरलं तेही बागेत," त्या म्हणायच्या. "बाग आणि कबर एकाच ठिकाणी होती." हे वाक्य बोलताना त्या नेहमी दुसरीकडे बघत.

बागेच्या पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी ठमाबाई चिंचेखाली पाठ टेकून पडली होती. आशा जवळच खेळत होती.

"आय, ती पोरगी माती खाते," आशा म्हणाली.

"कोण पोरगी?"

"ती टकली."

आशानं बागेकडे बोट केलं. डोक्यावर ऊन आलेलं, वाफे निपचित पडलेले. तिथं कोणीच नव्हतं. शाळेतली असेल, ठमाबाईनं मनाशी म्हटलं. मग तिला आठवलं की शाळेला मे महिन्याची सुट्टी लागून आठवडा झाला होता.

त्यानंतर ती पोरगी आशाच्या बोलण्यात येत राहिली. ती उन्हातच बसते, हाक मारली तर येत नाही, मूठ तोंडाला लावलेलीच असते. ठमाबाई डोंगरातली होती. भर दुपार ही वेळ माणसांची नसते, हे तिला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. ती आशाला बारा वाजायच्या आत खोलीत ओढून कडी लावून घ्यायला लागली. तरी एक दिवस कडी राहिली, आणि ती धावत गेली तर आशा अंजिराच्या वाफ्यात उकिडवी बसलेली. ओठांना, दातांना, हनुवटीला काळी माती.

"काय करते गं हे?"

"ती म्हणली, पोट भरतं," आशा शांतपणे म्हणाली.

ठमाबाईनं तिला थोबाडीत मारली, मग पोटाशी धरलं. पण पोरीला नाद लागला तो लागला. डोळा चुकवून ती माती खायची, पोट फुगलं, हातपाय काटकुळे झाले. मिसबाई दोघींना रिक्षात घालून सिव्हिलला घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, जंत आहेत, रक्त कमी आहे, पुष्कळ पोरं अशी माती खातात. गोळ्या दिल्या, लाल औषधाची बाटली दिली.

परत येताना रिक्षात ठमाबाईनं त्या टकल्या पोरीची गोष्ट सांगितली. आपल्या बंगलीच्या पायरीशी आल्यावर मिसबाई एकाएकी खाली बसल्या, आशाला जवळ ओढलं आणि विचारलं, "तिच्या गळ्यात काही असतं का गं?"

"पत्रा," आशा म्हणाली. "असा गोल."

मिसबाई उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही.

ठमाबाईला संताप आला. म्हातारीला काहीतरी ठाऊक आहे आणि त्यात आपली पोर जाते आहे. दुसऱ्या दिवशी, नेमकी भर दुपारीच, तिनं कुदळ उचलली आणि अंजिराच्या वाफ्याशेजारी खणायला लागली. वीत संपली. हात संपला. ती मातीत गुडघ्याएवढी उतरली. काम करता करता तिला कळलं की खड्ड्याच्या काठावर कोणीतरी उकिडवं बसलेलं आहे. तिच्या हातावर लहानशा गुडघ्यांची सावली पडली होती. तिनं वर बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथंच जीव गेला असता, असं ती पुढं सांगायची. ती खाली बघूनच खणत राहिली, आणि कुदळीला काहीतरी हलकं लागलं.

कोंबडीचं वाटावं एवढं हाड होतं ते. पण कोंबडीचं नव्हतं. त्याच्या खाली आणखी होती, एकात एक गेलेली, सगळी लहान. आणि मातीच्या ढेकळात गंजलेला पत्र्याचा गोल बिल्ला, वर भोक असलेला.

सावली गेली होती. ठमाबाई बिल्ला घेऊन मिसबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. तिनं काही विचारलं नाही. मिसबाईंनी तिला आत घेतलं, खुर्चीत बसवलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि बोलायला सुरुवात केली.

"माझी आजी संवत छपन्नच्या दुष्काळात, म्हणजे एकोणीसशे साल उजाडताना, इथं आली. नऊ-दहा वर्षांची असेल. आईबाप वाटेतच गेले होते. कडेवर धाकटी बहीण होती. बुधी तिचं नाव. मिशननं पोरं गोळा केली, उवा झाल्या होत्या म्हणून डोकी भादरली, जेवण वाटायला सोपं पडावं म्हणून गळ्यात नंबराचे बिल्ले घातले. मडमांनी रात्रंदिवस केलं त्यांचं, आजी कधी त्यांना वाईट बोलली नाही. पण बुधीला वाटेत माती खायची सवय लागलेली. पेज दिली तरी ओकायची आणि माती खायची. आठवडाभरात गेली. तशी पुष्कळ गेली. बाप्तिस्मा झालेला नव्हता म्हणून भिंतीच्या आत जागा मिळाली नाही. बाहेर चर खणून…"

ठमाबाई बिल्ल्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"आजी कुठली तुमची?"

"वरची. तुझ्याच डोंगरातली. गावाचं नाव तिला आठवायचं नाही. नागलीची भाकर आठवायची. मरताना मला म्हणाली, तिथं काहीतरी लाव, पोरींना उघड्यावर ठेवू नको. मी दगड बसवायचं म्हटलं तर चर्चची कमिटी विचारायची, कोणाच्या नावानं? काय पुरावा? मग मला ती विलायतेतली बाग आठवली. बायबलच्या बागेला चर्चमध्ये कोण नाही म्हणणार?"

तेव्हा ठमाबाईला कळलं, की जैतून आणि अंजीर आणि मोहरी हे सगळं मागाहून आलेलं. आधी भूक होती.

"त्यांना जेवू घालाय पायजे," ती म्हणाली. "आमच्यात उपाशी गेलेल्याला जेवू घालतेत. नायतर ते दुसऱ्याच्या पोराकडं मागतेत."

"ते मला करता यायचं नाही, ठमा. माझा विश्वास तसा नाही. मेलेली माणसं देवाच्या हातात असतात."

"मंग ती पोरगी उन्हात काय करते?"



पुढच्या बुधवारी ठमाबाईनं नागलीच्या भाकरी थापल्या, भात केला, उडदाचं पिठलं केलं. हाडं होती तशी मातीआड केली, बिल्लाही त्यांच्यातच ठेवला. वर पळसाची पानं मांडून वाढलं. दुपारचं ऊन असं होतं की पानं कडेनं वळायला लागली. ती हात जोडून उभी होती, एवढ्यात मागं बूट वाजले. मिसबाई आल्या. त्यांनी पानांकडे बघून हात जोडले नाहीत, तोंडानं काही म्हटलं नाही. त्यांनी छत्री उघडली आणि त्या पानांवर धरली. हात अवघडला तरी धरून उभ्या राहिल्या. ठमाबाईनं छत्री घ्यायला हात पुढं केला तेव्हा त्यांनी मान हलवली.

त्या पावसाळ्यानंतर आशाची माती सुटली. औषधानं सुटली की भाकरीनं, यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. आशा शाळेत जायला लागली. एकदा ठमाबाईनं भीत भीत विचारलं, ती पोरगी दिसते का गं? आशा म्हणाली, "असते. पण आता नुसती बसते." पुढं पुढं ती विसरली. ठमाबाई विसरली नाही. बारा ते दोनच्या मधे ती त्या वाफ्याकडे पाठ करूनही बसायची नाही आणि तोंड करूनही नाही.

बागेत एक वाफा नागलीचा झाला. कमिटीच्या सेक्रेटरींनी हटकलं, "मिसबाई, नागली शास्त्रात कुठं आहे?"

"यहेज्केल संदेष्ट्याला देवानं भरडधान्याची भाकर करायला सांगितली होती," मिसबाई म्हणाल्या. "आमच्याकडचं भरडधान्य हेच."

अंजिरापाशी त्यांनी आणखी एक पाटी रोवली. तिच्यावर आकडा नव्हता, नुसतं 'बुधी' एवढंच. बाग बघायला येणारी पोरं विचारायची, यातलं बुधीचं झाड कुठलं? ठमाबाई बोट दाखवायची ते नक्की कशाकडे, हे कोणाला कळायचं नाही. अंजीर फोफावला. जैतुनाला पानं आली, उंची आली, फळ मात्र कधी धरलं नाही.

वर्षं गेली. आशा नववीत गेली. दोन हजार तीनचा कुंभमेळा तोंडावर आला आणि शहरभर रस्ते उकरायला घेतले. कामाला डोंगरातून माणसं उतरली. एक दिवस होळीच्या सुमारास कंपाऊंडच्या फाटकाशी एक बाई येऊन बसली. अंगावर खडीची धूळ, केस पांढरे. ठमाबाईनं ओळखलं. पुंजाराम मुकादमाची बायको, सखुबाई.

"पुंजाराम गेला," सखुबाई म्हणाली. "पोटाच्या दुखण्यानं. जाताना लय वरडत होता."

ठमाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. सखुबाईनं तो हातात धरला, पण प्यायली नाही.

"तुझा माणूस सुरतेला नाय गेला."

ठमाबाईचा हात फाटकावर गेला.

"बागायतदार विहीर खणत होता. तुझ्या माणसाला आत उतरवला माती भरायला. दरड बसली. वरून हाका मारल्या, आवाज नाय आला. काढायला गेलं तर बोभाटा होईल, पोलीस येतील, म्हणून मालकानं सांगितलं बुजवा. माझ्या माणसानं बुजवली. टोळीला सांगितलं, झिपरू पळाला. त्या बाईचंही त्यानंच जुळवलं. त्याच्यावर वेल लावलेत, ठमे."

एवढं आणि त्या गावाचं नाव सांगून सखुबाई उठली. ठमाबाई फाटकाला धरून खाली बसली. रडू आलं नाही. तिला आठवत होती ती शिव्यांची रांग. मुडद्या. रांडव्या. तुझं वाटोळं होवो. रोज सकाळी, आरशाच्या तुकड्यासमोर, इतकी वर्षं. आणि तो सगळा वेळ ओल्या मातीत, तिच्याकडून काही न मागता पडलेला.

आशानं दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारली आणि दोघी दिंडोरीकडच्या त्या गावी गेल्या. बागायतदार मरून चार वर्षं झाली होती. बागेत तोडणी चालली होती, क्रेट भरले जात होते. देखरेखीला घरची सून होती, फुलाबाई. पदर डोक्यावर घट्ट बांधलेली, बोलायला मोकळी. ठमाबाईनं विचारलं, इथं जुनी विहीर होती ती कुठं?

"विहीर? ती कोरडी लागली म्हणून बुजवली म्हणतात. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. त्या तिथं, मधल्या दोन ओळी आहेत ना, तिथं." फुलाबाई पुढं चालत बोलत राहिली. "तिथल्या वेलांना पाणी कमी लागतं. माल पण आधी गोड होतो इथला."

वेलांखाली हिरवा अंधार होता. घडांनी मांडव वाकलेला. ठमाबाई त्या ओळीत शिरली आणि थांबली.

"माझा माणूस हाय खाली," ती म्हणाली.

फुलाबाईच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. तिनं ठमाबाईच्या तोंडाकडे बघितलं, मग आशाच्या, आणि तिला काय समजायचं ते समजलं. ती मागं वळली. तोडणाऱ्या बायांना तिनं हाक मारून सांगितलं, या ओळी सोडा, पलीकडं चला. स्वतःही गेली.

ठमाबाईनं जमिनीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. माती गार होती, त्या उन्हाळ्यातसुद्धा गार. ती कान तसाच ठेवून बोलली, शेजारच्या माणसाशी बोलावं तशी. "मला वाटलं तू खाऊनपिऊन सुखी असशील. मी लय बोलले तुला. तुला ऐकू येत असंल तर ते सोडून दे." मग तिनं पदरानं कपाळ पुसलं. गळ्यातली काळी पोत काढली, बोटांनी माती उकरून आत ठेवली. आशा बापाचं तोंड आठवायचा प्रयत्न करत उभी होती. तिला ते आठवत नव्हतं.

आशानं पोलिसांत जायचा हट्ट धरला. मिसबाई काठी टेकत बरोबर गेल्या. तिथं सगळं लिहून घेतलं. पण मालक मेलेला, मुकादम मेलेला, आणि सखुबाईनं विचारल्यावर सांगितलं की मी असं काही बोललेच नाही. पुढं काही झालं नाही. कोणी म्हणालं त्र्यंबकेश्वरला विधी करा, कोणी आणखी काही. ठमाबाईनं त्या ओळीतली मूठभर माती फडक्यात बांधली आणि गाव गाठलं. सासू अजून होती, आंधळी झालेली. तिनं ती माती हातात घेतली, हुंगली, आणि म्हणाली, "मी रोज दार उघडं ठेवत होते गं. सुरतेची गाडी उशिरा येते म्हणून." दोघींनी मिळून शिवेवर त्याच्या नावाचा चिरा, गेलेल्याच्या आठवणीचा दगड, उभा केला.

त्यानंतर नाशकात एक नवीनच सुरू झालं. दुपारी बागेत पाणी देताना ठमाबाईला खालून आवाज यायचा. टिकाव मारल्याचा, खोल, सावकाश. ती थांबली की तोही थांबायचा. तिनं मिसबाईंना सांगितलं.

"भीती वाटते का?" मिसबाईंनी विचारलं.

"नाय. पण वाटतं, कोणीतरी अजून वर यायच्या खटपटीत हाय."

मिसबाईंनी तिचा हात हातात घेतला. त्या आता फारशा हिंडत नव्हत्या. दोन हजार सहाच्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. आपल्याला बागेत पुरावं असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, पण कमिटीनं नियमावर बोट ठेवलं आणि भिंतीच्या आतच जागा दिली. त्यातल्या त्यात एवढं झालं, की ती जागा भिंतीला लागून मिळाली. पलीकडे अंजीर होता.

पुढं चर्चच्या नव्या सभागृहापाशी गाड्या लावायला जागा हवी म्हणून कांद्यालसणाचे आणि मोहरीचे वाफे गेले. फरश्या बसल्या. अंजिराचा तुकडा राहिला, कारण तिथं रोलर फिरवायची वेळ आली तेव्हा ठमाबाई पाटीशेजारी जाऊन बसली आणि बोलावूनही उठली नाही. ऊन चढलं, तशी कामावरची माणसं आपणहून निघून गेली. ती का गेली हे त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं नाही.

आशा आयटीआय झाली, अंबडच्या कारखान्यात तिला कायमची नोकरी लागली, लग्न झालं, इंदिरानगरात दोन खोल्यांचं घर झालं. तिनं आईला ओढूनच नेलं. ठमाबाई तिथं बरी आहे. सकाळी भाजी निवडते, संध्याकाळी गच्चीवर बसते. बुधवारी मात्र नागलीची भाकर फडक्यात बांधून बसनं कंपाऊंडला जाते, दुपार तिथं काढते आणि उन्हं कलल्यावर परत येते. आशा विचारत नाही.

एक गोष्ट जावयाच्या फार उशिरा लक्षात आली. माघ-फाल्गुनात नाशकात घराघरांत द्राक्षं येतात. शेजारी देतात, पाहुणे आणतात, कोणी पैसेही घेत नाही, पण ठमाबाई ती कधी खात नाही. एकदा त्यानं बशी भरून सासूपुढं ठेवली. ठमाबाईनं बशीकडे बघितलं, एक मणी उचलला, बोटांत फिरवून उजेडाकडे धरला, आणि परत ठेवला.

"कुठल्या बागेची?" तिनं विचारलं.

"आता ते काय माहीत, मामी," तो म्हणाला. "बाजारातनं आणली."

"मंग राहू दे," ती म्हणाली आणि बशी हलकेच त्याच्याकडे सारली.